शिकागोतली आमची मागची गल्ली

तुम्ही विचारलंय, अमेरिकेतल्या शहरात लहानाचं मोठं झालेल्या मराठी माणसाला बालपणातलं नेमकं काय आठवतं. तिथे गल्ली, अंगण, शेजार असं काही असतं का, की घर, शाळा आणि गाडी एवढंच? सगळ्यांचं मला सांगता येणार नाही, पण माझ्यापुरतं उत्तर आहे: गल्ली होती. शिकागोतलं माझं बालपण घरात कमी आणि त्या गल्लीतच जास्त गेलं.

माझा जन्म डोंबिवलीचा. १९८६ साली, मी तीन वर्षांची असताना, आम्ही शिकागोला आलो. शहराच्या उत्तर टोकाला वेस्ट रिज नावाचा भाग आहे, लोक त्याला वेस्ट रॉजर्स पार्क म्हणतात. तिथे डेव्हॉन रस्त्यापासून दोन मिनिटांवर विटांच्या तीन मजली घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. तळमजल्यावर घरमालकीणबाई, क्रोएशियाहून तरुणपणी आलेल्या, आता एकट्या. मधल्या मजल्यावर एक धार्मिक ज्यू कुटुंब, पाच मुलांचं. त्यातली तिसरी मुलगी माझ्या वयाची.

शिकागोत घरांच्या दोन रांगांच्या मधून, मागच्या बाजूने, एक अरुंद रस्ता जातो. त्याला तिथे ॲली म्हणतात. आई पहिल्या दिवसापासून 'गल्ली' म्हणायची आणि आम्हा मुलांचाही तोच शब्द झाला. शहरभरच्या या गल्ल्या जोडल्या तर सुमारे १९०० मैल होतात, म्हणजे तीन हजार किलोमीटर. कचऱ्याचे डबे, विजेचे खांब, गाड्यांची गॅरेजं हे सगळं मागे, त्यामुळे पुढचा रस्ता नीटनेटका. पाहुण्यांना घर पुढून दिसतं, पण राहणाऱ्यांचं येणं-जाणं मागून. प्रत्येक घराला मागे लाकडी जिना आणि मजल्या-मजल्याला लाकडी गॅलरी, बहुतेक करड्या रंगाची. कुणाकडे आज काय शिजतंय, कुणाचं भांडण झालंय, कुणाकडे भारतातून माणूस आलंय, सगळं त्या जिन्यावर कळायचं. आई उन्हाळ्यात गॅलरीत सांडगे घालायची आणि खारींपासून ते राखायचं काम माझं. थंडीत विरजणाचं भांडं टॉवेलमध्ये गुंडाळून रेडिएटरजवळ ठेवायची. त्या दह्याची चव मला अजून दुसऱ्या कुठल्या दह्यात सापडलेली नाही.

गल्लीत भंगारवाला यायचा, लहान ट्रक हळूहळू चालवत, जुनं लोखंड उचलत. उन्हाळ्यात मेक्सिकन काका ढकलगाडीवर बर्फाच्या कांड्या घेऊन यायचे, गाडीच्या दांड्याला घंटा बांधलेल्या. ती घंटा ऐकली की बाबा म्हणायचे, "कुल्फीवाला आला गं!" मला वाटायचं कुल्फीवाला हा स्पॅनिश शब्द आहे.

एका गॅरेजच्या भिंतीवर बास्केटबॉलची रिंग ठोकलेली होती. १९९५च्या मार्चमध्ये मायकेल जॉर्डन शिकागो बुल्स संघात परत आला तो ४५ नंबरचा शर्ट घालून, आणि आमच्या गल्लीत दोन तट पडले: खरा जॉर्डन २३ नंबरचा की ४५चा. मे महिन्यात त्याने पुन्हा २३ घातला तेव्हा कुठे समेट झाला. पुढच्या वर्षी १६ जूनला, फादर्स डेच्या रात्री, बुल्सनी अजिंक्यपद जिंकलं तेव्हा सगळ्या गॅलऱ्यांतून लोक पातेली बडवत होते. आईसुद्धा पितळी ताट आणि डाव घेऊन उभी होती. खेळातलं तिला काही कळत नव्हतं, पण इतके शेजारी एकदम खूश झालेले पाहून ती घरात थांबूच शकली नाही.

खेळायचं ते दिवे लागेपर्यंत. त्या काळी रस्त्यावर आणि गल्लीत सोडियमचे दिवे असायचे. आधी मंद, गुलाबीसर लुकलुकायचे आणि मग हळूहळू नारिंगी होत जायचे. पूर्ण नारिंगी झाले की घरात, असा सगळ्यांच्या घरचा नियम, मग घर कुठल्याही भाषेचं असो. बर्फ पडलेल्या रात्री तर आकाशसुद्धा नारिंगी दिसायचं. २०१७ पासून शहराने ते दिवे बदलून पांढरे एलईडी लावायला घेतले. वीज वाचते, उजेड जास्त पडतो, मान्य आहे. पण आमच्या रात्रीचा तो रंग आता नाही, आणि ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना तो समजावता येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाबांनी मला सहाव्या वर्षी शहराचा हिशेब शिकवला. स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे शून्य. तिथून कुठल्याही दिशेला गेलं की आकडे वाढत जातात, बहुतेक ठिकाणी दर मैलाला आठशे. डेव्हॉन म्हणजे ६४०० उत्तर, म्हणजे शून्यापासून बरोबर आठ मैल. वेस्टर्न रस्ता २४०० पश्चिम, म्हणजे तीन मैल. "हरवलीस तर रडायचं नाही, पाटीवरचा आकडा वाचायचा," असं ते म्हणायचे. एवढ्या मोठ्या शहरात आपण कुठे आहोत हे सहा वर्षांच्या मुलीला नेहमी ठाऊक होतं. ही मला मोठीच देणगी वाटते.

घराजवळ एक बाग होती, इंडियन बाउंड्री पार्क. लाकडी किल्ल्यासारखं खेळायचं मैदान, आणि एका बाजूला चिमुकलं प्राणिसंग्रहालय, शेळ्या आणि बदकं असलेलं. मला अनेक वर्षं वाटायचं की ही बाग आमची आहे, डेव्हॉनवर इतके भारतीय राहतात म्हणून तिला हे नाव दिलंय. चौथीत शिक्षिकेने सांगितलं की १८१६ साली तिथल्या मूळ लोकांशी, पोटावाटोमी, ओजिब्वे आणि ओडावा यांच्याशी, जो करार झाला त्याची सीमारेषा तिथून जात होती. आसपासचे बहुतेक रस्ते सरळ रेषेत आणि रॉजर्स रस्ता तिरका, तो त्या रेषेवरूनच गेलाय म्हणून. मी घरी येऊन बाबांना विचारलं, "मग ते इंडियन आता कुठे राहतात?" बाबा बराच वेळ गप्प राहिले. त्यांना पश्चिमेकडे हाकलून दिलं, हे त्यांनी मला रात्री जेवताना सांगितलं. ज्या जमिनीवर मी लंगडी खेळत होते ती कुणाची तरी होती, हे कळण्याची ती पहिली वेळ.

डेव्हॉनबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, म्हणून थोडक्यात. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान १९७४ साली याच रस्त्यावर सुरू झालं. शनिवार-रविवारी विस्कॉन्सिन, इंडियानाहून लोक पोहे, तूरडाळ आणि साड्या घ्यायला यायचे. आम्हाला मात्र कोथिंबीर संपली तर चप्पल घालून जाता यायचं. आई एका साडीच्या दुकानासाठी ब्लाउज शिवायची. ऑगस्टमध्ये एका शनिवार-रविवारी पाकिस्तानची मिरवणूक, एकात भारताची, आणि दोन्ही पाहायला गर्दीत साधारण तीच माणसं.

आजी एकदाच आली, १९९०च्या उन्हाळ्यात. मी तिला १५५ नंबरच्या बसने पूर्वेला, मिशिगन सरोवरावर घेऊन गेले, अर्थात आई बरोबर होती. समोर पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येताहेत, वाळू आहे. आजीने वाकून नमस्कार केला, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "अगं, गोड समुद्र!" आजही त्या काठावर गेले की मी मनात 'गोड समुद्र'च म्हणते.

त्याच वर्षी जूनमध्ये आम्ही तिला लेमाँटच्या राममंदिरात नेलं, शहराच्या नैऋत्येला, टेकडीवर. तिथल्या झाडांमध्ये असा आवाज चालू होता की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. ते सिकाडा किडे. शिकागोच्या भागात त्यांची एक पिढी सतरा वर्षं मातीखाली काढते आणि मग लाखोंनी एकदम वर येते, चार-सहा आठवडे गाते, अंडी घालते आणि संपते. आजी आधी त्यांना रातकिडे समजली आणि भर दुपारी ओरडतात म्हणून चकित झाली. बाबांनी सतरा वर्षांचं सांगितलं तेव्हा ती गाभाऱ्याकडे बघत म्हणाली, "रामालासुद्धा चौदाच होती रे."

२००७ साली ते पुन्हा वर आले तेव्हा आजी नव्हती. २०२४च्या जूनमध्ये मी माझ्या मुलीला त्याच देवळात घेऊन गेले आणि ते वाक्य तिला सांगितलं.

आता १९९५चा जुलै. हे मी आधी कुठे लिहिलेलं नाही. १३ तारखेला मिडवे विमानतळावर पारा १०६ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे ४१ सेल्सिअस. विदर्भातल्या वाचकांना ४१ विशेष वाटणार नाही. पण हवेत कोकणाइतकी दमट वाफ, विटांची घरं रात्रीसुद्धा न निवणारी, डोक्यावर डांबराचं सपाट छप्पर, कित्येकांकडे एसी नाही, आणि पुष्कळ म्हाताऱ्या माणसांनी चोरांच्या भीतीने खिडक्या घट्ट लावून घेतलेल्या. त्या लाटेत शहरात सातशेहून जास्त माणसं गेली. त्यातली पुष्कळशी वयस्कर होती, घरात एकटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या लक्षात आलं की खालच्या बाई सकाळपासून मागच्या जिन्यावर दिसल्या नाहीत. रोज सकाळी त्या झाडांना पाणी घालायच्या. आईने दार वाजवलं, वाजवत राहिली. दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली. बाई लोकरीचा स्वेटर घालून बसल्या होत्या आणि आईला ओळखत नव्हत्या. मधल्या मजल्यावरचे काका धावत आले, दोघांनी मिळून त्यांना तळघरात नेलं. तिथे कपडे धुण्याची यंत्रं होती आणि फरशी गार होती. ओले टॉवेल, मीठ-साखर-लिंबाचं पाणी चमच्याने. मग आम्ही तिन्ही मजल्यांवरचे लोक तीन रात्री तिथेच झोपलो, चादरी अंथरून, एका पंख्यासमोर. आम्हा मुलांना ती मोठी मजा वाटत होती. मध्यरात्री जाग आली तेव्हा आई झोपलेली नव्हती. बाईंच्या मनगटावर बोटं ठेवून बसली होती.

बाई वाचल्या. त्यानंतर दहा वर्षं जगल्या. टीव्हीवर बाकीच्यांच्या बातम्या लागल्या की आई बंद करायची.

त्याच वर्षीची कोजागिरी माझ्या चांगली लक्षात आहे, ८ ऑक्टोबर, रविवार. मधल्या मजल्यावरच्यांनी मागे, गल्लीलगतच्या मोकळ्या जागेत लाकडी फळ्या आणि वर हिरव्या फांद्या घालून मांडव केला होता. सुकोत नावाचा त्यांचा सण. सात दिवस जेवण त्या मांडवात, वरून आकाश दिसलं पाहिजे. दर शरदात ते करायचे, पण त्या वर्षी मी पंचांग आणि त्यांचं कॅलेंडर शेजारी ठेवून पाहिलं. त्यांचे महिनेही चंद्राचे, सुकोत पौर्णिमेला लागतो, आणि अधिक महिन्याचा घोळ नसेल त्या वर्षी ती आमची कोजागिरीच असते. वर गॅलरीत आमचं केशराचं दूध आणि खाली मांडवात त्यांची गाणी, चंद्र तोच.

पहिल्या वर्षी आईने त्यांना दूध नेऊन दिलं होतं. मैत्रिणीच्या आईने हात जोडल्यासारखं करून सांगितलं की आमच्या भांड्यातलं त्यांना चालत नाही. मला फार लागलं. आई मात्र जिना चढताना म्हणाली, "सोवळं आहे गं त्यांचं. माझी आजी असंच करायची." पुढच्या वर्षीपासून ती न चिरलेली फळं न्यायची, संत्री, सफरचंदं, डाळिंबं. त्यातलं डाळिंब ते सणाच्या ताटात ठेवायचे, आणि आम्हाला मधाचा केक यायचा. त्या ओवरीएवढ्या गॅलरीत मी जे शिकले ते शाळेत कुणी शिकवलं नाही.

आम्ही १९९९ साली उपनगरात राहायला गेलो, जानेवारीतल्या त्या २१.६ इंच बर्फानंतर लगेच. तिथे मोठं अंगण होतं, गवत होतं. गल्ली नव्हती.

मधल्या मजल्यावरची ती मैत्रीण आता शिकागोजवळच्या स्कोकीला राहते, तिला चार मुलं आहेत. गेल्या काही वर्षांत आमचा एक रिवाज झालाय. २०२५ची कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. सूर्य मावळला की सणामुळे ती फोनला हात लावत नाही, म्हणून तिचा निरोप उजेड असतानाच येतो. साडेपाचला आला: "मांडव झाला. तुमचं दूध आजच ना?"

मी गॅसपाशीच उभी होते, केशर खलत.