83 मधून 47 वजा करायचे म्हटले की माझे डोके बंद का पडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय अडतीस, शिक्षण पदवीपर्यंत, कामात रोज आकड्यांचे तक्ते. पण कुणी समोर उभं राहून ‘83 मधून 47 गेले, किती?’ असं विचारलं की काही सुचत नाही. बुद्धीतच काही कमी आहे का, या वयात सुधारणा होईल का, आणि सात वर्षांची मुलगी बोटं मोजते तिला थांबवू का?

मी गेली काही वर्षं मोठ्या माणसांना पायाभूत गणित शिकवते. तुम्ही लिहिलंय ते मी जवळपास याच शब्दांत कितीतरी जणांकडून ऐकलंय आणि त्यात बुद्धीने कमी म्हणावं असं क्वचितच कुणी होतं. त्यांच्यापैकी बहुतेकांची गफलत एकच निघते. ते तोंडी हिशेब करत नसतात. ते डोक्यात एक कागद धरतात आणि त्यावर लेखी गणित मांडतात.

तुमचंच उदाहरण घेऊ. 83 खाली 47 लिहिले. 3 मधून 7 जात नाहीत, म्हणून शेजारून एक उसना घेतला. आठाचे सात झाले, तिनाचे तेरा. तेरातून सात गेले, सहा. हा सहा लक्षात ठेवायचा. आता सातातून चार गेले, तीन. मघाचा आकडा कोणता होता? सहा. म्हणजे तीन आणि सहा, छत्तीस. कागदावर यात काहीच अवघड नाही, कारण लक्षात ठेवायचं काम कागद करतो. डोक्यात मात्र मूळचे दोन आकडे, उसना घेतलेला एक, बदललेला आठ आणि बाजूला ठेवलेला सहा हे सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं. बेरजेतला ‘हातचा’ हा शब्द बघा. नावातच आहे की तो हातात ठेवायचा असतो.

डोक्यातली ही तात्पुरती जागा किती लहान असते याचा अभ्यास बराच जुना आहे. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये ‘सात, दोन कमी-जास्त’ असा अंदाज मांडला होता. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये तो आणखी खाली आणून साधारण चारवर ठेवला. चार गोष्टी! वर मोजून बघा, उसन्या-हातच्याच्या वजाबाकीत आपण किती गोष्टी कोंबतो. सगळ्यांची जागा थोड्याफार फरकाने एवढीच असते. जो पटकन उत्तर देतो तो त्या जागेत कमी सामान ठेवतो, एवढंच.

तो काय करतो? 47 पासून 50 पर्यंत तीन. 50 पासून 83 पर्यंत तेहेतीस. छत्तीस. उसना नाही, हातचा नाही, आणि दर पावलाला डोक्यात एकच आकडा.

शाळेतली पद्धत वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. उजवीकडून डावीकडे जाणारी मांडणी कागदासाठी उत्तम आहे, कितीही मोठे आकडे द्या, ती अडत नाही. पण तोंडी हिशेबात ती उलटी पडते. 367 आणि 285 यांची बेरीज उजवीकडून सुरू केलीत आणि मध्येच कुणी हाक मारली, तर तुमच्या हाती उरतो एककाचा 2. त्याचा कुणाला काय उपयोग? डावीकडून सुरू केलीत तर तीनशे आणि दोनशे पाचशे, साठ आणि ऐंशी एकशे चाळीस, झाले सहाशे चाळीस. इथे हाक आली तरी उत्तर जवळजवळ हातात आहे. मग सात आणि पाच बारा, सहाशे बावन्न. किंवा सरळ 367 मध्ये 300 मिळवा आणि 15 काढून घ्या.

शाळेतलं गणित आणि व्यवहारातलं गणित ही माणसाच्या डोक्यात किती वेगळी राहू शकतात हे दाखवणारा एक अभ्यास मी वर्गात नेहमी सांगते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांकडे गिऱ्हाईक होऊन गेले. विक्रीच्या ओघात विचारलेले जवळपास सगळे, म्हणजे 98 टक्के हिशेब मुलांनी बरोबर केले. नंतर त्याच मुलांना तसेच आकडे शाळेसारखे, नुसती गणितं म्हणून दिले. बरोबर उत्तरं 37 टक्क्यांवर आली. हा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. एका मुलाला 35 क्रुझेरोचा (क्रुझेरो हे तिथलं तेव्हाचं चलन) एक नारळ, तर दहा नारळांचे किती असं विचारलं, तेव्हा त्याने तीन नारळांचे 105 धरले, आणखी तीन घेऊन 210, मग 315 आणि शेवटी 350. पस्तीसवर शून्य ठेवण्याचा नियम त्याने वापरला नाही. तो ढीग रचत गेला आणि त्याला प्रत्येक पायरीचा अर्थ माहीत होता.

याची दुसरी बाजूही पुढे आली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीतल्या मुलांवरचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात काम करणारी मुलं अवघड हिशेब तोंडी करत होती आणि शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडत होती. केवळ शाळेत शिकणारी मुलं लेखी गणितात बरी होती, पण बाजारातले हिशेब त्यांना जमत नव्हते. म्हणजे एक आलं की दुसरं आपोआप येतं, हा आपला समजच चुकीचा आहे. तुम्ही लेखी गणित शिकलात, तोंडी गणित तुम्हाला कुणी शिकवलंच नाही. मग ते येत नाही याचा दोष बुद्धीला का द्यायचा?

‘समोर कोणी असलं की जास्त अडतं’ असं तुम्ही लिहिलंय. हा भाग मला फार जवळचा आहे. माझ्या शाळेत एक शिक्षक पूर्ण वर्गाला उभं करून तोंडी गणितं घालत. उत्तर दिलं की बसायचं. मी शेवटपर्यंत उभी असायची. घरी आल्यावर तीच गणितं मला यायची. मला वाटायचं, मी पुरेसा अभ्यास करत नाही. खरं कारण पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं. मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी 2001 मध्ये दाखवलं की गणिताची भीती असलेल्या माणसाला काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगून सोबत हातच्याची बेरीज दिली, तर त्याच्या चुका इतरांपेक्षा बऱ्याच जास्त वाढतात. कारण ‘चुकलो तर? हसतील का?’ हे विचारही त्याच चार गोष्टींच्या जागेत येऊन बसतात. भीती आकडेमोडीतली जागा खाते. त्यामुळे धाक दाखवून तोंडी गणित सुधारायला निघालेला माणूस समोरच्याची जागा आणखी कमी करत असतो. मी माझ्या वर्गात घड्याळ लावत नाही, ते यासाठी.

पाढ्यांबद्दल थोडं सांगते. सात आठे किती हा जगभरातल्या लोकांना अडणारा प्रश्न आहे. मोठ्या आकड्यांचे गुणाकार आठवायला जास्त वेळ लागतो आणि चूक झाली तर ती बहुतेक वेळा पाढ्यातलाच शेजारचा आकडा असतो. मराठीत तर उच्चारही जवळचे आहेत: सात अठ्ठे छप्पन्न, सहा नव्वे चोपन्न. पाढे आपण चालीवर पाठ केलेले असतात, त्यामुळे ते गाण्यासारखे आठवतात. मधली ओळ हवी असेल तर पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. पाठांतर मी टाकून द्या म्हणणार नाही, ते पायाशी हवंच. फक्त त्याला दुसरी एक वाट जोडून ठेवा. सात चोक अठ्ठावीस येतं ना? मग आठ पट म्हणजे अठ्ठावीसची दुप्पट, छप्पन्न. एकदा ही वाट माहीत झाली की आठवण दगा देईल ही धास्ती जाते.

आकड्यांच्या नावांचाही यात हात आहे. चिनी भाषेत अकराला ‘दहा एक’ म्हणतात, बाराला ‘दहा दोन’. तिथली लहान मुलं अकरा ते वीसचे आकडे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा लवकर शिकतात असं दिसून आलंय. आपल्याकडे, जर्मनसारखंच, एकक आधी बोलला जातो. लिहिताना चार आणि मग सात, बोलताना आधी सात आणि मग चाळीस. डावीकडून हिशेब करायचा तर ही अडचण होते. म्हणून मी मनातल्या मनात सत्तेचाळीसला ‘चाळीस आणि सात’ म्हणायला सांगते. बोलायला विचित्र वाटतं, पण चार-सहा दिवसांत सवय होते.

पण याच भाषेने आपल्याला एक मोठी देणगीही दिली आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं याचं मला वाईट वाटतं. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक उणा. अर्धा हिशेब नावातच करून ठेवलाय! 49 सहा वेळा हवे असतील तर पन्नास सख तीनशे, उणे सहा, 294. एकोणऐंशीची चौपट: तीनशे वीस उणे चार, 316. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पंचवीस कमी, म्हणून त्याची सहापट बाराशे उणे दीडशे, 1050. जवळच्या सोप्या आकड्यावर जा आणि फरक परत फेडा. तोंडी हिशेबातली निम्मी हुशारी एवढीच आहे.

वेळेचा हिशेबही याच वाटेने जातो. 9.40 ते 11.15 किती? कित्येक जण 1.75 म्हणतात, कारण त्यांनी मनात लेखी वजाबाकी मांडलेली असते आणि तास साठ मिनिटांचा असतो हे त्या मांडणीला ठाऊक नसतं. दहापर्यंत वीस मिनिटं, पुढे सव्वा तास. एक तास पस्तीस मिनिटं. टक्केवारीत एक गोष्ट लक्षात असू द्या: 50 चे 18 टक्के आणि 18 चे 50 टक्के एकच. दुसरं लगेच येतं, नऊ. आणि कुठल्याही गुणाकाराआधी अंदाज करा. 38 गुणिले 52 म्हणजे साधारण चाळीस गुणिले पन्नास, दोन हजारांच्या आसपास. खरं उत्तर 1976 आहे. रोजच्या व्यवहारात बहुतेक वेळा अंदाजच पुरतो, आणि कॅल्क्युलेटरवर एखादं बटण चुकलं तर तेही त्या अंदाजामुळेच कळतं.

वयाचं म्हणाल तर आल्फ्रेड बिने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये नावाजलेल्या गणनपटूंची, म्हणजे मोठमोठे हिशेब तोंडी करून दाखवणाऱ्यांची, तुलना एका मोठ्या दुकानातल्या रोखपालांशी केली होती. लहान गुणाकारांत अनुभवी रोखपाल त्या गणनपटूंपेक्षाही जलद निघाले. त्यांच्याकडे रोजचा सराव होता. रोज दहा मिनिटं, एकटं असताना, घड्याळाविना, आणि एकच गणित दोन वाटांनी करून बघणं, एवढं दोन महिने करा. माझ्याकडे साठी ओलांडलेल्यांनाही याचा फायदा झालाय.

एक अपवाद मात्र स्पष्ट सांगायला हवा. काही माणसांना आकड्यांचं प्रमाणच जाणवत नाही. 8 आणि 5 यांत मोठं कोण हेही त्यांना थांबून ठरवावं लागतं, पाढे कितीही घोकले तरी टिकत नाहीत, आणि हे बालपणापासून चालत आलेलं असतं. याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. लाडिस्लाव कोश्च यांनी 1974 मध्ये त्याची नीट व्याख्या केली आणि शंभरात साधारण 3 ते 7 जणांत ते असावं असे अंदाज दिले जातात. तुम्ही तक्ते सांभाळता आणि चुकीचा आकडा दिसला तर तुम्हाला खटकतो असं लिहिलंय, त्यामुळे तुमच्या बाबतीत ते असावं असं मला वाटत नाही. पण हे वाचून कुणाला आपलं वर्णन ओळखीचं वाटलं, तर तज्ज्ञाकडून तपासणी जरूर करून घ्या.

आता मुलगी. तिची बोटं थांबवू नका. आकडे लक्षात ठेवण्याचं ओझं ती बोटांवर देते आहे आणि सातव्या वर्षी ते योग्यच आहे. लपवायला लावलंत तर ती टेबलाखाली मोजेल आणि वर भीती शिकेल. काळजी वेगळ्या गोष्टीची घ्या. एडी ग्रे आणि डेव्हिड टॉल यांनी 1994 मध्ये दाखवलं की गणितात मागे पडणारी मुलं एकेक मोजत राहतात आणि पुढे जाणारी माहीत असलेल्या उत्तरावरून नवं उत्तर काढतात. म्हणजे मागे पडणारं मूल प्रत्यक्षात जास्त कठीण काम करत असतं. म्हणून तिने आठ आणि सात पंधरा सांगितले की ‘शाब्बास’ म्हणून थांबू नका. ‘कसे काढलेस?’ एवढं विचारा. ती म्हणेल, मोजले. मग तुम्ही तुमची वाट सांगा: सात आणि सात चौदा, वर एक. थोड्या दिवसांनी ती तुम्हाला तिसरीच वाट सांगेल, आठला दोन देऊन दहा करणारी. तेव्हा तिची बोटं कुठे आहेत ते बघा.