वाट्याच्या रानाला बांध कुणी घालायचा?

प्रश्न : माण तालुक्यात तीन एकर रान मी निम्म्या वाट्याने करतो. मालक पुण्यात असतात. लेखी काही नाही, दर पाडव्याला पुढच्या सालाचं ठरतं. रान उताराचं आहे, ताली म्हणजे उतारावरचे आडवे बांध फुटल्यात, वळीव झाला की माती ओढ्याला लागते. मी माझ्या पैशाने बांध घालावा का? – एक वाचक

उत्तर : सगळा खर्च तुम्ही करू नका. माझंही रान वाट्याने दिलेलं आहे, म्हणून मालकाची बाजू मला आतून ठाऊक आहे. तुमच्या मालकांना मातीची फिकीर नसेल असं नाही. त्यांना धास्ती आहे ती कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा कायद्याने जमिनीवर हक्क लागण्याची. 1948 च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. ज्यांच्या घरची जमीन तेव्हा गेली, त्यांची नातवंडंही कागद म्हटला की हात आखडतात. काही जण तर दोन सालं झाली की कसणाराच बदलतात. कायदा झाला कसणाऱ्यासाठी, आणि आज त्याच्याच हाती साधी चिठ्ठी येत नाही!

याची किंमत रान मोजतं. शेणखताचा बराचसा गुण दुसऱ्या-तिसऱ्या सालात उतरतो, युरियाचा त्याच पिकात दिसतो. पुढच्या पाडव्याला आपण इथे असू की नाही हेच माहीत नसेल, तर माणूस काय टाकेल? वाट्याची रानं हलकी पडतात ती आळसाने नव्हे.

तेव्हा कायमचं काम मालकाचं, सालाचं काम तुमचं, अशी वाटणी मागा. बांधबंदिस्तीच्या सरकारी योजनेला सातबारावरचं नाव लागतं, म्हणजे अर्ज त्यांनीच करायचा; देखरेख तुम्ही करा. योजना नाही मिळाली आणि दोघांनी पैसे घातले, तर जमिनीच्या हक्काचा शब्दही न काढता फक्त बांधाच्या खर्चाचा कागद करा : तीन सालांच्या आत रान काढून घेतलं, तर उरलेल्या सालांचा तुमचा खर्च परत. अशा कागदाला मालक कमी बिचकतात. सही करण्याआधी दोघांनी तो वकिलाला दाखवा.

तोवर बिनखर्चाचं एवढं करा. कुळवणी आणि पेरणी उताराला आडवी. बाजरीत तुरीच्या ओळी घ्या, तुरीचा पाला रानातच पडतो. धसकटं जाळू नका. आणि फुटक्या तालीच्या तोंडाशी रानातलेच दगड रचून ठेवा, मे महिना संपायच्या आत.

जाता जाता एक. पीक पाहणी मालकाच्या नावाने लागत असेल, तर गारपिटीची भरपाईही त्यांच्याच खात्यावर येणार. तिच्यात निम्मा वाटा आहे की नाही, हे पाडव्यालाच चार माणसांत बोलून घ्या.