पाच ते दहा या वेळात तू कुठे असशील?

जून लागला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो, मॅडम नागपूर विद्यापीठ घेऊ की पुणे, पुणे घेऊ की सेंट्रल युनिव्हर्सिटी म्हणजे केंद्र सरकारचं विद्यापीठ, नाव कुणाचं मोठं, कॅम्पस कुणाचं भारी. पोरं रात्र रात्र जागून रील्स बघतात, आईबाप शेजारच्यांना विचारतात, आणि फॉर्मची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली की सगळे मिळून माझ्याकडे येतात. गेल्या वर्षीची एक केस सांगते, मुलीला आणि घरच्यांना विचारूनच सांगतेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

मुलगी नागपुरातल्या मानेवाड्याकडची, बीएस्सी झालेली, पुढे स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करायची होती. मार्क चांगले, सीयूईटी म्हणजे सेंट्रल युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा दिली होती, पुण्याची एन्ट्रन्सपण दिली होती, त्यामुळे तीन दारं उघडी होती, नागपूर विद्यापीठाचा अमरावती रोडवरचा विभाग, पुणे विद्यापीठ आणि हैदराबादची सेंट्रल युनिव्हर्सिटी. आई म्हणे नागपूर, घरचं जेवण तरी पोटात जाईल. बाबा म्हणे पुणे. मुलगी हैदराबादवर अडून बसलेली, आणि का तर तिथे तळी आहेत, मोठमोठे खडक आहेत, हरणं फिरतात, असं ती सांगत होती. बाबांना हे ऐकूनच राग येत होता. "मॅडम, हे शिकायला चालली का फिरायला? ऐकूनच नाही राहिली. पुणे आपलं आहे न, हैदराबाद म्हणजे एकदम बाहेर होऊन जाते."

बाबांनी रँकिंगचं प्रिंटआऊट आणलं होतं, एनआयआरएफचं, म्हणजे केंद्र सरकार विद्यापीठांचे नंबर लावतं ते, त्यावर पिवळ्या मार्करनं रेघा. मी ते टेबलावर घेतलं आणि आधी त्याच्यावरच बोललो आम्ही, कारण ते वाचायचं कसं हे फार कमी लोकांना माहीत असतं. त्यात शिकवणं आणि साधनं यांना ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, पास होऊन पुढे काय झालं याला २०, वेगवेगळ्या थरांतल्या आणि भागांतल्या मुलांना किती सामावून घेतलं याला १०, आणि लोकांच्या मनात नाव कसं आहे याला १०. म्हणजे ज्याला आपण घरात बसून रेप्युटेशन म्हणतो त्याचा तिथे वाटा दहाच टक्के. दुसरं म्हणजे हा नंबर अख्ख्या विद्यापीठाचा असतो, तुमच्या मुलीच्या विभागाचा नसतो. आणि संध्याकाळी हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, पहिल्या वर्षाच्या मुलीला खोली मिळते का, मेसमध्ये काय असतं, हे त्या कागदावर कुठेच नाही. रँकिंग टाकून द्या असं मी कधी म्हणत नाही, चार ठिकाणांची यादी करायला ते बरं आहे, पण तीनमधून एक निवडायला त्याचा उपयोग होत नाही.

मग मी मुलीला विचारलं, नागपूर नको का? ती लगेच म्हणाली, "इथे काहीच नाही मॅडम, रिझल्ट उशिरा, लेक्चर होत नाही, कॅम्पस नाही." मी म्हटलं तू अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये कधी गेलीस? ती गप्प. तीन वर्षांत एकदाही नाही. डिग्रीवर विद्यापीठाचं नाव आहे पण ही शिकली एका संलग्न कॉलेजात, आणि त्या कॉलेजातल्या तीन वर्षांवरून तिनं अख्ख्या विद्यापीठाचा निकाल लावून टाकला होता. आपल्याकडे हे सर्रास होतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतली सगळी कॉलेजं एकाच नावाखाली येतात, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं त्याआधी तर चंद्रपूर गडचिरोलीपण यातच होते, आता इतक्या कॉलेजांत एकाचा अनुभव दुसऱ्याला कसा लागू होणार. पीजीचे विभाग ही वेगळीच गोष्ट असते. तिथे वर्गात पोरं कमी, शिकवणारे रिसर्च करणारे, वातावरण वेगळं. हे विद्यापीठ १९२३ चं आहे, २०२३ च्या जानेवारीत इंडियन सायन्स काँग्रेस याच कॅम्पसवर झाली, पण मानेवाड्यातल्या मुलीला रवीनगर चौक ओलांडून पुढे काय आहे ते माहीत नाही. मी तिला सांगितलं, आधी तिथे जाऊन ये, वर्किंग डेला जा, विभागात जा, दोन पोरींशी बोल, कँटीनमध्ये चहा पी, मग मला सांग नको की हवं.

दुसरं एक काम मी सगळ्यांनाच देते ते तिलापण दिलं. एक कोरा कागद, त्यावर तीन रकाने, तीन विद्यापीठं, आणि प्रत्येकाखाली लिहायचं की साध्या मंगळवारी संध्याकाळी पाच ते रात्री दहा मी कुठे असेन, कुणासोबत असेन, काय करत असेन. फेस्टिव्हलच्या दिवशीचं नाही, साध्या मंगळवारचं. सकाळी दहा ते पाच सगळीकडे थोडंफार सारखंच असतं, फळा, प्रॅक्टिकल, असाइनमेंट. ज्याला पोरं कॅम्पस लाइफ म्हणतात ते सगळं त्या पाच तासांत असतं, लायब्ररीत बसणं, सीनियरशी भांडणं, गणितातली एखादी प्रूफ तिघींनी मिळून सोडवणं, नाटकाची तालीम, नुसतं कट्ट्यावर बसणं.

हा प्रकार मी एका मुलामुळे सुरू केला. काही वर्षांपूर्वी एक मुलगा मोठ्या नावाच्या विद्यापीठात गेला, दिल्लीला, मीच म्हटलं होतं जा, नाव बघून म्हटलं होतं. हॉस्टेल मिळालं नाही. दीड तास लांब एका खोलीत राहायचा, लेक्चर संपलं की बस पकडायची, खोलीवर जाऊन खिचडी लावायची, झोपायचं. चार महिन्यांनी सामान घेऊन परत आला. अभ्यास जमत नव्हता म्हणून नाही, संध्याकाळी बोलायला कुणी नव्हतं म्हणून. त्या मुलाला मी एकदाही विचारलं नव्हतं की तू राहशील कुठे, ते अजून मनात आहे माझ्या.

आठवड्यानं मुलगी कागद घेऊन आली. नागपूरच्या रकान्यात लिहिलं होतं, "साडेपाचला घरी. आईला मदत. भाऊ येईपर्यंत बाहेर नाही. टीव्हीचा आवाज. नऊला जेवण. अभ्यास दहानंतर." आणि खाली लहान अक्षरात, "विभाग आवडला. सर चांगलं बोलले. तिथल्या मुली संध्याकाळी फुटाळा तलावावर जातात म्हणे, मला घरून परवानगी मिळणार नाही." हे वाचताना आई शेजारी बसली होती आणि तिचा चेहरा पडला, मलापण वाईट वाटलं, पण खरं ते असं एकदा कागदावर आलं की बोलता येतं. म्हणजे मुलीला नागपूर विद्यापीठ नको होतं असं नाहीच, तिला साडेपाचला घरी पोचायचं नव्हतं, तीन वर्षं तिनं तेच केलं होतं. आणि ती हे सांगू शकत नव्हती म्हणून तळी आणि हरणं सांगत होती.

याच कागदावर नागपूर एकदम बरोबर ठरलेली पोरंपण मी पाहिलीत. इतवारीतला एक मुलगा होता, बाबांचं दुकान, संध्याकाळी सात ते नऊ गल्ल्यावर बसावंच लागायचं, बाकी वेळ अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी, त्याला बाहेर पाठवणं म्हणजे त्याच्या घराला आणि त्यालापण त्रास झाला असता. तो इथेच शिकला आणि मजेत आहे.

पुण्याचा रकाना वाचल्यावर मात्र बाबांना पहिल्यांदा विचार पडला. पुण्याचा विभाग खरंच मोठा आहे, १९५३ मध्ये प्रा. हुजूरबाजारांनी उभा केलेला, त्यांना पुढे पद्मभूषण मिळालं, स्टॅटिस्टिक्सच्या माणसाला ते नाव सांगायला लागत नाही. गणेशखिंडीतलं कॅम्पस ४०० एकरांच्या वर, जयकर लायब्ररी, झाडी, आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. यात नाव ठेवायला काही नाही. पण बाबांचा प्लॅन होता की पोरगी हडपसरला आत्याकडे राहील, हॉस्टेलचा अर्ज भरायचाच नाही. मुलीनं लिहिलं होतं, "पाच ते साडेसहा बस. मग आत्याचं घर. आत्याच्या पोरांचा अभ्यास घेणे." हडपसर ते विद्यापीठ, पुण्याचं ट्रॅफिक, ज्यांनी केलंय त्यांना विचारा. मी बाबांना म्हटलं, भाऊ, तुम्ही पोरीला पुण्याच्या विद्यापीठात नाही पाठवून राहिले, आत्याच्या घरी पाठवून राहिले. ते काही बोलले नाहीत, कागद परत वाचत बसले.

हैदराबादचा रकाना जवळजवळ रिकामा होता. "हॉस्टेल कॅम्पसमध्येच. लायब्ररी. बाकी माहीत नाही." मला ही प्रामाणिक ओळ फार आवडली. मी विचारलं, मग माहीत करून घ्यायचं का? आणि बाबांना विचारलं, नागपूरहून पुणे जवळ की हैदराबाद? ते म्हणाले पुणे. आपल्या सगळ्यांना असंच वाटतं कारण पुणे महाराष्ट्रात आहे. पण रस्त्यानं हैदराबाद ५०० किलोमीटरच्या आसपास आणि पुणे ७०० च्या वर. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर सिकंदराबाद वंदे भारत आहे, पहाटे बसलं की सव्वासात तासांत सिकंदराबाद, तिथून विद्यापीठ आहे त्या गच्चीबोलीला अजून तास दीड तास धरा. पुण्याला रेल्वेनं बारा तासांच्या आत पोचणं कठीण. भाषेचंपण तसंच, तिथलं हिंदी आपल्या नागपूरच्या माणसाला दोन दिवसांत कळतं. आई पहिल्यांदा मान वर करून म्हणाली, "म्हणजे बरं नसलं तर दुपारपर्यंत पोचता येते?" हो म्हटलं, पोचता येते.

बाप लेक दोघं जाऊन आले, एक रात्र राहिले. मी जाताना चारच गोष्टी विचारायला सांगितल्या होत्या. नव्या मुलींना खोली प्रवेशाच्या दिवशीच मिळते की महिनाभरानं, आणि महिनाभरानं असेल तर तोवर कुठे राहायचं. रात्री लायब्ररीतून हॉस्टेलला मुली कशा जातात, चालत, सायकलनं, किती जणी मिळून. दुसऱ्या वर्षाला कोणते ऑप्शनल पेपर खरंच चालतात, वेबसाइटवर लिहिलेले नाही, गेल्या वर्षी चालले ते. आणि गेल्या वर्षीचं कुणी अर्धवट सोडून गेलं का, का गेलं. हा शेवटचा प्रश्न ऑफिसात विचारायचा नाही, विद्यार्थ्यांना विचारायचा.

तिथे त्यांना मराठवाड्याची एक पीएचडी करणारी ताई भेटली, तिनं मुलीला अर्धा दिवस फिरवलं. बाबांना तिनं सरळ सांगितलं की काका, पहिलं सेमिस्टर जड जाते, मेसचं जेवण आपल्यासारखं नाही, रडू येईल, पण एकटं कुणी राहत नाही इथे. बाबांना सी. आर. राव यांच्या नावाची संस्था त्याच कॅम्पसमध्ये दिसली, गणित आणि स्टॅटिस्टिक्सची, आणि आल्यावर ते मला सांगत होते की मॅडम हे फार मोठे माणूस होते म्हणे. मी म्हटलं हो, २०२३ मध्ये इंटरनॅशनल प्राइज इन स्टॅटिस्टिक्स मिळालं त्यांना, वय १०२ होतं. बाबांच्या मनातलं नाव आणि पोरीच्या मनातली संध्याकाळ दोन्ही एकाच जागी सापडलं असं झालं ते, माझ्या समजावण्यानं नाही झालं, जाऊन पाहिल्यानं झालं.

तरी निर्णय सोपा नव्हता. पुण्याची सीट सोडताना मुलगी दोन दिवस घुटमळली, तिथल्या विभागाचं वजन तिला माहीत होतं. मी तिला पुण्याला हॉस्टेलमध्ये राहून जायचा पर्याय पुन्हा मांडून दाखवला, बाबा त्यालापण तयार झाले होते आता, पण पुण्यात खोली मिळेल की नाही ते शेवटपर्यंत कळत नव्हतं आणि हैदराबादला ते आधी कळलं. त्यावर ठरलं. दुसरं कुणी असतं तर वाट पाहिली असती, तेपण चुकीचं नसतं. एक व्यवहाराची गोष्ट, दोन ठिकाणी फी भरावी लागेल या धाकानं पुष्कळ घरं घाईत पहिल्या जागी चिकटतात, तर गेल्या काही वर्षांत यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग प्रवेश रद्द केल्यावर फी परत द्यायच्या तारखा जाहीर करतेय, त्या वर्षाचं सर्क्युलर आधी वाचा आणि मगच घाबरा.

ऑगस्टच्या शेवटी तिचा रात्री फोन आला, रडत होती. रिअल अ‍ॅनालिसिस हा गणिताचा विषय कळत नाही, सगळ्या पोरी हुशार आहेत, मी चूक केली का. मी विचारलं आत्ता कुठे आहेस, म्हणाली हॉस्टेलच्या बाहेर पायरीवर बसलीये. एकटी? नाही, रूममेट आहे बाजूला, ती केरळची, तिला मराठी कळत नाही पण बसली आहे. मग मी फार काही बोलले नाही, आज झोप आणि उद्या तिच्यासोबतच सरांकडे जा म्हटलं. गेल्या दोघी.

दिवाळीत ती आली तेव्हा सोबत एक पान लिहून आणलं होतं, माझ्याकडे येणाऱ्या पुढच्या मुलींसाठी. गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं, गाद्या कुठे स्वस्त मिळतात, पहिल्या आठवड्यात कोणती कागदपत्रं किती झेरॉक्स, सांबार नको असेल तर काय खायचं, रात्री लायब्ररीतून परत येताना कोणत्या रस्त्यानं यायचं. ते पान माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आतापर्यंत तिघींना दिलं, त्यातली एक नागपूरलाच राहिली, तिनं पान परत आणून दिलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अमरावती रोडच्या विभागाबद्दल लिहून दिलं.