पाऊस सरासरीच्या ८५ टक्के, तरी पीक वाळलं. मग दुष्काळ मोजतात कसा?

तुमच्या तालुक्याचा ८५ टक्के हा आकडा खोटा नसेल, पण एकूण बेरजेवरून पिकाचे हाल कळत नाहीत. जूनअखेर दोन धो-धो पाऊस, सप्टेंबरात एक, आणि मधला ऑगस्ट कोरडा गेला तरी सरासरी भरून निघते. २०२३ चा ऑगस्ट आठवा: देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. सोयाबीन नेमकं तेव्हाच फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असतं.

म्हणून मी आधी पावसाचा खंड बघतो. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेतही तो आहे: सलग तीन-चार आठवडे प्रत्येक आठवड्याचा पाऊस नेहमीच्या निम्म्याहून कमी. तीन आठवडे हलक्या जमिनीसाठी, कारण मुरमाड रान काळ्या रानाइतकी ओल धरत नाही. पावसाची ही अट बसली की मग पेरणीक्षेत्र, जमिनीतली ओल, धरणं-विहिरींचं पाणी आणि उपग्रहाची चित्रं तपासतात.

उपग्रहाबद्दल लोकांचे बरेच गैरसमज आहेत. तो पीक मोजत नाही, हिरवेपणा मोजतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परावर्तित करतं; त्या फरकावरून निर्देशांक निघतो. त्याच जागेच्या मागच्या वर्षांतल्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट स्थितीशी तो ताडून बघतात. पद्धत चांगली आहे, पण बांधावरचं तणही हिरवंच दिसतं आणि शेंगा पोचट राहिल्या हे वरून कळत नाही. म्हणूनच निवडक गावांत प्रत्यक्ष शिवारात जाऊन पाहणी करावी लागते. ती बांधावरून उरकली तर सगळंच मुसळ केरात.

भूजलाचं वेगळं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते आणि पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करते. पिण्याच्या पाण्याची टंचाई ओळखायला हे उत्तम, खरिपाचं नुकसान कळायला फार उशिराचं.

पैसेवारी, म्हणजे नेहमीचं पीक रुपया धरला तर यंदा किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, अजून निघते. ५० पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींचा विषय निघतो. पण अंतिम पैसेवारी येईपर्यंत डिसेंबर उजाडतो.

तुम्ही तालुक्याचा आकडा सोडा, महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा घ्या. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर रोजचा पाऊस मिळतो. आठवड्यांप्रमाणे बेरीज मांडा, खंडाच्या तारखा काढा आणि त्या जोडून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. खरिपासाठी ऑक्टोबर संपायच्या आधीच.