सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मोठ्या माणसासाठी हॉस्पिटलची खोली सुसह्य कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहीण २६ वर्षांची, सिस्टिक फायब्रोसिस आहे, छातीतलं इन्फेक्शन बळावलंय, रत्नागिरीत दोन आठवडे सलाईनमधून अँटिबायोटिक द्यायची आहेत. स्पेशल रूम मिळतेय. तिथे काय काय नेलं म्हणजे तिला बरं पडेल, आणि रात्री सोबत कोणी राहावं का?

मला हाच आजार आहे: जन्मापासूनचा, फुप्फुसात घट्ट कफ साचवणारा आणि पचनही बिघडवणारा. मी मालवणकडची, आणि सलाईनचे हे दोन आठवडे माझ्या चांगल्याच ओळखीचे आहेत. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांच्या बाबतीत तिच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा धरा. खोलीबद्दल मात्र मला बरंच बोलायचं आहे.

टीव्ही, गादी, खिडकीतून दिसणारी खाडी हे सगळं नंतर. खोलीला हो म्हणण्याआधी आत जाऊन दोन गोष्टी बघा. भिंतीला ओल आहे का, आणि बेसिन कुठे आहे.

ओलीचं आपल्याकडे कोणाला काही वाटत नाही. पावसाळ्यात घराघरांतून कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे हॉस्पिटलच्या भिंतीचं काय घेऊन बसलात! पण आपल्या, म्हणजे हा आजार असलेल्यांच्या, फुप्फुसात घट्ट कफ साचून राहतो आणि ॲस्परजिलस नावाची बुरशी त्यात सुखाने नांदते. काहींना तिची ॲलर्जी होऊन दम्यासारखी धाप लागते. म्हणून कुबट वास येणारी खोली नको, मग ती कितीही मोठी असो. एसीच्या खाली भिंतीवर पाण्याचे ओघळ दिसले तर दुसरी खोली मागा. एसीची जाळी शेवटची कधी धुतली, हे विचारायला लाजू नका. लगेच धुवून देतात, फक्त कोणीतरी सांगावं लागतं. पावसात एसी ‘ड्राय’वर ठेवला की खोलीतला दमटपणा उतरतो. आणि खिडकी महामार्गाच्या बाजूला नको. मुंबई–गोवा रस्त्याचं काम किती वर्षं चाललंय ते तुम्हाला मी सांगायला नको, तिथली धूळ खोलीत घेऊन करायचंय काय? उन्हाळ्याच्या तोंडावर ॲडमिट व्हायची वेळ आली तर भाजावळीचा (शेत भाजतात त्याचा) धूरही लक्षात ठेवा. गावाच्या कडेला असलेल्या हॉस्पिटलात तो सरळ आत येतो.

आता बेसिन. स्यूडोमोनास हा जंतू आपला जुना पाहुणा, आणि त्याला ओलं भोक फार आवडतं: बेसिनची जाळी, मोरी, फुलदाणीतलं पाणी. त्यामुळे खाट बेसिनला चिकटून नसावी. भेटायला येणाऱ्यांची फुलं कौतुकाने घ्या आणि बाहेर सिस्टरच्या टेबलावर ठेवा. नेब्युलायझरचा (औषधाची वाफ देणाऱ्या मशीनचा) कप बेसिनच्या कठड्यावर वाळत घालू नका. मावशी प्रेमाने तो नळाखाली विसळून तिथेच पालथा घालून ठेवतात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचं, ‘मावशी, हे माझं मी करते.’ प्रत्येक वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुवायचा, मग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. सगळे भाग उकळायला चालतात की नाही, ते मशीनच्या माहितीपत्रकात बघून घ्या. खोलीत शेगडी लावू देत नाहीत, म्हणून बाळाच्या बाटल्या निर्जंतुक करायचं विजेचं वाफेचं भांडं बरोबर न्या. मेडिकलमध्ये मिळतं. उकळल्यावर पुन्हा नळाचं पाणी लावायचं नाही. आणि आपल्या हवेत वस्तू आपोआप वाळत नाहीत, तेव्हा झटकून, स्वच्छ कागदी रुमालावर, पंख्याच्या वाऱ्यापासून बाजूला.

संडास-बाथरूम खोलीलाच जोडलेली हवी, याबाबतीत तडजोड नको. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही म्हणून पोटाचं आपलं काय होतं, वास कसा येतो, हे तुमच्या बहिणीने तुम्हाला सांगितलं नसेलही. कॉमन संडासाच्या रांगेत उभं राहणं तिला इंजेक्शनपेक्षा जड जाईल. एक्झॉस्ट पंखा चालू आहे ना, तेवढं बघा.

घरात आणखी कोणाला हा आजार असेल (आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक असते), तर त्या भावंडाने या खोलीत भेटायला येऊ नये. निरोगी माणसाला आपल्याकडून सिस्टिक फायब्रोसिस लागत नाही, पण आपण एकमेकांना आपापले जंतू देतो आणि ते महागात पडतं. अमेरिकेतलं सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन दोन रुग्णांत निदान सहा फुटांचं अंतर सांगतं, आणि एका खोलीत तर ठेवूच नका म्हणतं. टीबी-न्यूमोनियाच्या वॉर्डातली रिकामी खाटही नको.

टीबीवरून आठवलं. सिस्टिक फायब्रोसिस आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही. हाडकुळी मुलगी, सतत खोकते, बेडका पडतो, म्हणजे टीबीच असणार, असा सगळ्यांचा हिशेब असतो. शेजारच्या खोलीतल्या आजी दारात उभं राहून विचारतात, ‘टीबी तर नाय मां गो?’ त्यांना रोज उत्तर देत बसणं नको होतं. मी दारावर जाड अक्षरात कागद लावते: ‘आत उपचार चालू आहेत. दार वाजवून थांबा.’ या एका कागदाने जेवढं सुख दिलंय तेवढं कुठल्याही उशीने दिलं नाही. छाती मोकळी करण्याचे व्यायाम म्हणजे खोकून, खाकरून, हुंकारून कफ वर आणायचा. हे काम दहा माणसांच्या देखत कोण करील? आणि मनासारखं खोकता आलं नाही तर चौदा दिवसांची औषधं अर्धीच लागू पडणार. झाकणाचे थुंकीचे डबे भरपूर घ्या, आणि पायाने उघडणारी कचऱ्याची बादली खाटेजवळ ठेवा. थुंकायला देतात तो उघडा स्टीलचा ट्रे टेबलावर मांडून ठेवू नका, पाहुण्यांची नजर तिथेच जाते.

फिजिओथेरपिस्ट बहुतेक ठिकाणी सकाळी एकदाच येतात आणि रविवारी येत नाहीत. त्यामुळे बहिणीला श्वासाचे व्यायाम स्वतःचे स्वतः येत असावेत. फुंकायचं थरथरणारं उपकरण असेल तर ते न्या. साधारण क्रम असा: आधी श्वासनळी उघडणारं औषध, मग खाऱ्या पाण्याची वाफ, मग व्यायाम, आणि कफ निघून गेल्यावर वाफेतलं अँटिबायोटिक. सिस्टर घाईत सगळं एकदम उरकायला बघतात, कारण त्यांच्याकडे अख्खा मजला असतो. हा क्रम डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन भिंतीला चिकटवलात तर वाद होत नाहीत. जेवणानंतर लगेच व्यायाम नको, उलटी होते. खाट उशाकडून वर होणारी हवी. फाऊलर बेड म्हणून मागा, आणि त्याचं हँडल खरंच फिरतं का ते फिरवून बघा.

झोपेचं गणित पहिल्या दिवशीच जमवावं लागतं. आठ-आठ तासांनी द्यायचं औषध दुपारी बाराला सुरू झालं की पुढचे डोस रात्री आठ आणि पहाटे चार, आणि मग दोन आठवडे हेच. डॉक्टरांना विचारून ते सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा असं सरकवून घ्या. पहिल्या दिवशी सरकवायला सगळे तयार असतात, चौथ्या दिवशी कोणी ऐकत नाही. इंट्राकॅथ (सलाईनची सुई) डाव्या हातात (ती डावखुरी असेल तर उजव्या), आणि कोपराच्या वळणावर नको, नाहीतर हात वाकवला की पंप बोंबलतो. दोन आठवडे टिकेल अशी लांब नळी, पिक लाईन, घालता येईल का हेही विचारून ठेवा. आपल्या बाजूला सगळीकडे ती सोय नसते, पण असेल तर रोजचं टोचणं वाचतं. अमिकॅसिनच्या जातीतलं औषध चालू असेल आणि कानात गुणगुण सुरू झाली, तर ती ‘थकव्यामुळे असेल’ म्हणून अंगावर काढू नये. लगेच सांगायचं.

पहाटे पाचला फिनेलने लादी पुसली की आमचा खोकल्याचा कार्यक्रम सुरू. मावशींना विनंती केली की त्या आपली खोली शेवटी घेतात किंवा नुसत्या पाण्याने पुसतात. उदबत्ती, धूप, डासांची कॉईल यांतलं काहीही नको. मच्छरदाणी न्या.

खाण्याबद्दल सांगायचं तर इथे हॉस्पिटल आणि आपण अगदी उलट्या दिशेला तोंड करून उभे असतो. त्यांचं पथ्य म्हणजे बिनतेलाची खिचडी आणि अळणी भाजी. आपल्याला लागतं तूप, तेल, नारळ, आणि मीठ. घामातून आपलं मीठ इतरांपेक्षा किती तरी जास्त जातं, म्हणून तर या आजाराचं निदान घामातलं क्लोराईड मोजून करतात. त्यात किनाऱ्यावरचा मे महिना आणि खाली रेक्झिनची गादी. माणूस नुसतं पडल्या पडल्या निथळतं. गादीवर जाडसर सुती चादर घाला आणि रोज बदला. पेजेत मीठ, तोंडी लावायला लोणचं, सोलकढी, तळलेली सुरमई, सगळं चालतं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो, ते प्यावं, पण ‘शहाळं प्यायली, आता मीठ नको’ असं समजू नये. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम फार कमी. घाम जास्त येत असेल तर ओआरएस किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ घ्यायचं. आहारतज्ज्ञांच्या कागदावर डॉक्टरांकडून ‘जास्त कॅलरी, जास्त स्निग्ध, मीठ भरपूर’ असं लिहून घ्या, म्हणजे रोज हुज्जत नको. तिला या आजारातून येणारा मधुमेह असेल तरी सरसकट जेवण कापायचं नसतं, इन्शुलिन जुळवायचं असतं. हे न माहीत असलेली माणसं हॉस्पिटलातसुद्धा भेटतात.

अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल तिच्या उशाशीच असल्या पाहिजेत. पद्धत अशी असते की दाखल झाल्या झाल्या सगळी औषधं सिस्टर ताब्यात घेतात आणि त्यांच्या वेळेवर देतात. पण ही कॅप्सूल घड्याळावर चालत नाही, पहिल्या घासावर चालते. दुधाचा चहा, शेंगदाण्याचा लाडू, सोलकढी, प्रत्येकाबरोबर लागते. नुसत्या कोकम सरबताला लागत नाही. डॉक्टरांनी ‘रुग्णाकडे ठेवावी’ असं फाइलवर लिहिलं की प्रश्न मिटतो.

लाईट जाणार हे धरूनच चला. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आमच्याकडे बत्ती गुल झाली होती, तेव्हापासून मी बॅटरीवर चालणारा छोटा नेब्युलायझर जवळ ठेवते. हॉस्पिटलला जनरेटर असतो, पण तो कुठल्या प्लगला वीज देतो ते विचारून घ्या, कधी कधी खोलीतला एकच प्लग त्यावर असतो. न उघडलेलं इन्शुलिन किंवा डॉर्नेज (कफ पातळ करणारं औषध) असेल तर ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, सिस्टरच्या फ्रीजमध्ये नाव घालून ठेवा. लांब वायरचा बोर्ड न्या. नोकरी करत असेल तर लॅपटॉप चालेल असं टेबल आणि मोबाईलची रेंज आधीच बघा, चिऱ्याच्या जाड भिंतींत रेंज मरते. दोन आठवडे नुसतं छताकडे बघत पडून राहायचं वय नाही हे.

परदेशातल्या लोकांचं वाचून बहीण कदाचित म्हणेल की त्यांना आता ॲडमिटच व्हावं लागत नाही. त्यात तथ्य आहे. २०१९मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या ट्रायकाफ्टा या औषधाने तिथल्या बऱ्याच जणांचं दाखल होणं खूप कमी केलं. पण ते जनुकातल्या ठरावीक बदलांवरच काम करतं, आपल्याकडे बदल वेगवेगळे सापडतात, आणि किंमत बघून तर माणूस गप्पच बसतो. तिची जनुकीय तपासणी झाली नसेल तर करून घ्या, एवढंच म्हणेन.

आणखी एक, हे जरा रागानेच लिहितेय. राऊंडला आलेले डॉक्टर खाटेवरच्या माणसाला सोडून बाजूला उभ्या असलेल्या भावाला विचारतात, ‘जेवण जातंय का हिला?’ हा लहान मुलांचा आजार, अशी समजूत अजून गेलेली नाही. काही ठिकाणी तर मोठ्यांनाही बालरोग विभागातच ठेवतात, भिंतीवर ससे आणि पाय बाहेर येणारी खाट. तुम्हाला विचारलं तर सरळ म्हणा, ‘तिलाच विचारा, तिला जास्त कळतं.’

रात्री थांबण्याबद्दल: हेही तिलाच विचारा. मला पहिल्या एक-दोन रात्री कोणीतरी लागतं, ताप असतो, सलाईनचा स्टँड ओढत बाथरूमला जायची सवय झालेली नसते. नंतर सोबतीच्या बाकड्यावर घोरणारं माणूस नकोसं होतं. ती ‘घरी जा’ म्हणाली तर रुसू नका. खोकताना रक्त पडत असेल तर मात्र तिने कितीही नको म्हटलं तरी थांबा, आणि बेलचा दोर तिच्या हाताला पोचतो का ते झोपायच्या आधी बघा.