झाकलेला व्हेंटिलेटर आणि सहा आठवड्यांची पोस्टिंग

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बीएस्सी नर्सिंगच्या सातव्या सत्रात आहे. आमच्या कॉलेजच्या रुग्णालयात निम्म्याहून जास्त खाटा रिकाम्या असतात. आयसीयूत दोन व्हेंटिलेटर आहेत, पण ते झाकूनच ठेवलेले. पोस्टिंगला गेलो की टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेतो आणि उरलेल्या वेळात फाईल पूर्ण करतो. मला मेडिकल-सर्जिकलमध्येच पुढे जायचे आहे. बाबा म्हणतात, लगेच एमएससी करून टाक, मधे खंड नको. मैत्रिणी म्हणतात, नागपूरला आयसीयूत नोकरी धर. पण मला आयसीयूतले काहीच येत नाही. मुलाखतीत काय सांगू?

उत्तर : बाबांच्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे, ते आधी देते. एमएससी नर्सिंगच्या प्रवेशाला बीएस्सीत सर्वसाधारण गटासाठी किमान 55 टक्के गुण आणि त्यानंतर एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे ज्याला ते खंड म्हणतात ते वर्ष प्रवेशाची अटच आहे. ते कुठल्या वॉर्डात घालवायचे एवढेच तुझ्या हातात आहे, आणि मेडिकल-सर्जिकल घ्यायचे असेल तर ते आयसीयूत किंवा कॅज्युअल्टीतच घालव. एकाऐवजी दोन वर्षे केलीस तर आणखी बरे. खाटेजवळ उभे न राहता एमएससी झालेल्या शिक्षिकेच्या हाताखाली विद्यार्थिनी फाईलच लिहीत बसतात, हे तू आत्ता भोगतेच आहेस.

आता खरा प्रश्न. आठव्या सत्रात 22 आठवड्यांची इंटर्नशिप आहे आणि त्यातले सहा आठवडे प्रौढ आरोग्याचे, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत मेडिकल-सर्जिकलचे. ते सहा आठवडे रिकाम्या खाटांपाशी जाऊ देऊ नकोस. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण धरलेले आहेत आणि कॉलेजला संलग्न रुग्णालयात पोस्टिंग देता येते. वर्गातल्या सगळ्यांनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या : आयसीयू आणि कॅज्युअल्टीची पोस्टिंग यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात मिळावी. तक्रारीचा सूर नको. कोणती प्रोसीजर किती वेळा व्हायला हवी आणि आतापर्यंत किती झाली, हे लॉगबुकातले आकडे मांडा. आकड्यांपुढे टाळाटाळ करणे अवघड जाते.

पण व्हेंटिलेटर मिळाला नाही म्हणून आयसीयू शिकता येत नाही, ही समजूत काढून टाक. यंत्राची बटणे पंधरा दिवसांत येतात. बिघडत चाललेला रुग्ण ओळखणे यायला वेळ लागतो, आणि तसे रुग्ण आपल्या भागातल्या सरकारी रुग्णालयात जितके येतात तितके मोठ्या शहरातल्या चकचकीत आयसीयूतही दिसायचे नाहीत. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीची विषबाधा, पावसाळाभर सर्पदंश, मे महिन्यात उष्माघात.

फवारणीचेच घे. ऑर्गनोफॉस्फरस (ओपी, म्हणजे फवारणीच्या कीटकनाशकातले विष) विषबाधेचा रुग्ण आला की पहिले काम कपडे काढून पिशवीत बांधणे आणि साबण-पाण्याने अंग, केस, नखे धुणे. हातमोजे घालूनच, नाहीतर विष तुझ्याही त्वचेतून जाते. मग या विषावरचा उतारा, अॅट्रोपिन. डॉक्टर प्रौढ माणसाला सुरुवातीला 1.8 ते 3 मिलिग्रॅम सांगतात. अँप्युल 0.6 मिलिग्रॅमचे असेल तर तीन ते पाच. दर पाच मिनिटांनी तपासायचे आणि फरक नसेल तर डोस दुप्पट. कुठे थांबायचे? छाती घरघर न करता स्वच्छ, काख कोरडी, नाडी 80 च्या वर, वरचे बीपी 80 च्या वर. नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्या बघून डोस ठरवणे ही नेहमीची चूक आहे. बाहुली उशिरा मोठी होते, किंवा डोळ्यात औषध उडाले असेल तर एकाच बाजूची लहान राहते. काखेत हात घालून बघ, दर वेळी. रिकामी अँप्युल एका ट्रेमध्ये जमा करून मोजून लिही. पहाटे तीनला ‘एकूण किती गेले’ याचे उत्तर त्या ट्रेमध्येच सापडते.

पुढे अॅट्रोपिनचा ड्रिप सुरू होतो आणि इथेच रात्रपाळीत घोटाळा होतो. बाटली संपते, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तासाभरात तोंडाला पुन्हा फेस. उलटे टोकही असते : रुग्ण बरळतो, अंथरूण चाचपतो, ताप चढतो, पोट फुगून आतड्याचा आवाज बंद होतो, लघवी अडते. हे अॅट्रोपिन जास्त झाल्याचे लक्षण आहे, लगेच डॉक्टरांना कळवायचे. आणि पहिल्या ते चौथ्या दिवसाच्या मधे, ‘आता बरा आहे’ म्हणून सगळे निर्धास्त झालेले असताना, रुग्णाला उशीवरून मान उचलायला सांग. काल उचलत होता आणि आज उचलत नाही, तर श्वासाचे स्नायू थकायला लागलेत, श्वासनळीत ट्यूब टाकायची वेळ येऊ शकते. दर चार तासांनी मान उचलायला लावण्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, पण जीव वाचतो. मुलाखतीत ‘मी ओपी पॉयझनिंगच्या चार रुग्णांचा असा चार्ट ठेवला’ असे सांगशील, तर समोरच्या मॅट्रन खुर्चीत पुढे सरकून ऐकतील.

सर्पदंशात वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी तुझ्या हाताने कर. नवी, कोरडी, काचेची नळी, त्यात शिरेतले 2 मिलिलिटर ताजे रक्त, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग एकदाच तिरपी करून बघायचे. रक्त गोठले नसेल तर विष भिनले असे धरतात. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगले रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना एएसव्ही (सर्पविषावरचे प्रतिविष) दिले जाते. घड्याळ न लावणे ही दुसरी चूक. आणि गोठले म्हणून निश्चिंत व्हायचे नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दाताची खूण बहुधा दिसत नाही, पोट दुखते म्हणून रुग्ण येतो आणि रक्त व्यवस्थित गोठते. तिथे पापण्या बघायच्या. पापणी जड होऊन खाली येत असेल तर धावपळ सुरू करायची. एएसव्ही लावताना सिरिंजमध्ये अॅड्रेनालिन (अॅलर्जीच्या झटक्यावरचे औषध) भरून शेजारी ठेवलेले असावे, रिअॅक्शन आल्यावर शोधाशोध नको.

औषध द्यायचे की नाही हा निर्णय डॉक्टरांचा, आणि विद्यार्थिनी आहेस तोवर प्रत्येक गोष्ट इन्चार्ज सिस्टरच्या देखरेखीखालीच. त्यात कमीपणा नाही. ‘सिस्टर, मी करते, तुम्ही बघा’ असे रोज एकदा म्हण. चार दिवस नाही म्हणतील, पाचव्या दिवशी करू देतील.

गणित मात्र आत्तापासून पक्के कर, इथे मुली अडकतात. समज 50 मिलि सिरिंजमध्ये 4 मिलिग्रॅम नॉरअॅड्रेनालिन (बीपी वाढवणारे औषध) आहे, म्हणजे एका मिलित 80 मायक्रोग्रॅम. रुग्ण 50 किलोचा, ऑर्डर दर मिनिटाला किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅम. 50 ला 0.1 ने गुणले की मिनिटाला 5, तासाला 300, भागिले 80, म्हणजे पंपावर तासाला 3.75 मिलि. असे दहा वजने आणि तीन मात्रा घेऊन रोज सोडव. हेही डोक्यात ठेव की त्या लाइनमधून दुसरे इंजेक्शन ढकलायचे नाही. नळीत थांबलेले नॉरअॅड्रेनालिन एकदम आत जाते आणि बीपी उसळते. दुसरी सिरिंज पहिली संपायच्या आधी भरून तयार हवी, कारण बदलताना दोन मिनिटे गेली तरी बीपी पडू शकते.

श्वासनळीत ट्यूब असलेला रुग्ण मिळाला तर सक्शन, म्हणजे आतला स्राव नळीने ओढून काढणे, शिक : कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको, एका वेळी पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आत घालताना सक्शन बंद. त्याआधी ऑक्सिजन वाढवायचा. मॉनिटरवर नाडी मंदावली की लगेच बाहेर. ट्यूबभोवतीच्या हवेच्या फुग्याचा, म्हणजे ‘कफ’चा, दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका. हे मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, वीस वेळा करून झाले असेल तर खऱ्या रुग्णासमोर हात थरथरत नाहीत.

नोकरीचे थोडक्यात. पहिली नोकरी पगारावरून निवडू नकोस. नाईटला एका सिस्टरकडे किती व्हेंटिलेटरचे रुग्ण असतात आणि नव्या मुलीला किती आठवडे जुन्या सिस्टरबरोबर ठेवतात, हे विचार. एका सिस्टरकडे तीन-चार व्हेंटिलेटर असतील तर ती जागा नव्या मुलीसाठी नाही. बॉण्ड असेल तर वाचून सही कर आणि मूळ प्रमाणपत्रे कुणाच्याही कपाटात ठेवू नकोस, झेरॉक्स दे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी झाली की एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेचाही अर्ज भर. बीएस्सीवाल्यांना तिथे अनुभवाची अट नाही आणि एम्स आता नागपुरातच आहे. एमएससीशिवाय आणखी एक वाट आहे : नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, दोन वर्षांचा, रेसिडेन्सी पद्धतीचा. शिकवण्यापेक्षा खाटेजवळ राहायला आवडत असेल तर मला तो जास्त योग्य वाटतो. त्यालाही पदवीनंतर वर्षाचा अनुभव लागतोच.

इंटर्नशिपला जाण्याआधी हेपटायटिस बीची लस तपास : शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. बऱ्याच मुलींचा तिसरा राहून गेलेला असतो. राहिला असेल तर याच आठवड्यात घे, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करून तो कागद फाईलला लाव.