थंडीत टॅम्पा, उन्हाळ्यात एडिसन: गाडीचा विमा कुठला?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं निवृत्त, वय सत्तरीच्या पुढे. घर एडिसनला, न्यू जर्सीत. नोव्हेंबर लागला की टॅम्पाच्या कॉण्डोवर जातो, एप्रिलमध्ये परत येतो. एक गाडी आता वर्षभर तिथेच असते. दुसरी ऑटो ट्रेनवर चढवून बरोबर नेतो. दोन्हींच्या प्लेट आणि विमा न्यू जर्सीचा. मुलगा म्हणतो, विमा देशभर चालतो, काळजी कशाला? टॅम्पाचे शेजारी म्हणतात, सगळं फ्लोरिडाला हलवा, स्वस्त पडेल. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : मुलाचं म्हणणं पाहुण्यांना लागू पडतं. आठ-पंधरा दिवस फिरायला गेलात आणि तिथे अपघात झाला, तर न्यू जर्सीची पॉलिसी कामाला येते. तुम्ही मात्र थंडीभर तिथे राहता. फ्लोरिडाचा कायदा असा, की बाहेरच्या राज्याची गाडी मागच्या ३६५ दिवसांत ९० दिवसांहून जास्त तिथे असली, तर तिला फ्लोरिडाच्या नियमाप्रमाणे विमा हवा. दिवस सलग असायची गरज नाही, गाडी नुसती उभी असली तरी ते मोजले जातात. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे १५१ दिवस. तुमच्या दोन्ही गाड्या यात आल्या.

आता पॉलिसीचं पहिलं पान काढून बघा. त्यावर गाडी कुठे ठेवली जाते तो पत्ता असतो, आणि प्रीमियम ठरवताना कंपनी तो धरते. एजन्सीत इतकी वर्षं काढली, तेव्हा खात्रीने सांगते, दोन घरं असलेल्यांचे क्लेम अडतात ते बहुतेक याच एका ओळीवर. आमच्याकडच्या एका वयस्कर जोडप्याच्या गाडीला फेब्रुवारीत फ्लोरिडात मागून धडक बसली. कंपनीने आधी कॉण्डोची विजेची बिलं मागितली, मग टोलचे हिशेब. कमरेला पट्टा बांधून काका दर आठवड्याला फोन करायचे. पैसे शेवटी मिळाले, पण त्या वयात हा मनस्ताप कोणाच्या वाट्याला येऊ नये.

म्हणून टॅम्पात कायम असणारी गाडी फ्लोरिडात रजिस्टर करा आणि तिचा विमा तिथलाच घ्या. बरोबर नेता त्या गाडीबद्दल निघण्याआधीच एजंटला विचारा: पाच महिने टॅम्पात असताना फ्लोरिडाची अट हीच पॉलिसी पुरी करते का? उत्तर ईमेलवर मागा, तोंडी नको. माझं मत विचाराल तर ती गाडी एडिसनलाच ठेवा आणि विमानाने जा, गुंता निम्मा होईल.

शेजाऱ्यांचा सल्ला मला पटत नाही. वर्षातले सात महिने तुम्ही एडिसनला राहता, लायसन्स न्यू जर्सीचं, आणि लायसन्स एकाच राज्याचं ठेवता येतं. स्वस्ताईचं म्हणाल तर फ्लोरिडाचे प्रीमियम देशात महागड्यांत मोडतात. तिथे सक्तीचं कव्हर फार तुटपुंजं आहे: स्वतःच्या उपचारांसाठी पीआयपी (पर्सनल इंजुरी प्रोटेक्शन) १०,००० डॉलर आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी १०,००० डॉलर. दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा बहुतेकांना सक्तीचा नाही. समोरच्याकडे तो नसेल तर तुमच्या मोडलेल्या हाडाचे पैसे कोण देणार? यासाठी अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर घ्या, आणि भरघोस घ्या. यात काटकसर नको, हे मी कळकळीने सांगते.

फ्लोरिडाच्या पीआयपीची एक अट कायम लक्षात ठेवा. अपघातानंतर १४ दिवसांच्या आत डॉक्टरांकडे गेलं नाही, तर उपचारांचे पैसे मिळत नाहीत. आपली माणसं 'मुका मार आहे, शेक घेऊ' म्हणत पंधरवडा घालवतात. तसं करू नका.

न्यू जर्सीच्या पॉलिसीत अपघाताची बिलं आधी आरोग्यविम्याने भरावीत, असा पर्याय निवडता येतो आणि प्रीमियम थोडा उतरतो. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, असणाऱ्यांना तो चालत नाही. पूर्वी नोकरीत असताना निवडला असेल तर आजच बदलून घ्या.

राहिला उन्हाळा. टॅम्पातली गाडी बंद गॅरेजात असते म्हणून विमा थांबवायचा मोह होतो. पण १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा मोसम. पाणी गॅरेजात शिरलं तर भरपाई कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे टक्कर सोडून इतर नुकसानीच्या, कव्हरमधून मिळते, आणि वादळ जवळ आलं की कंपन्या नवं कव्हर द्यायचं थांबवतात. शिवाय प्लेट चालू ठेवून विमा बंद केला तर फ्लोरिडात लायसन्स निलंबित होऊ शकतं. गाडी काढून टाकायचीच ठरली, तर आधी प्लेट जमा करा, पावती घ्या, मग पॉलिसी रद्द करा. टॅम्पातली गाडी फ्लोरिडात रजिस्टर केलीत, की तिच्या न्यू जर्सीच्या जुन्या प्लेटही याच क्रमाने परत करा.